पुण्यातील फ्लॅटमध्ये केवळ उन्हाच्या प्रकाशावर प्रवाळांचा टँक जमेल का?

सहकारनगरकर

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी गोड्या पाण्याचे, पाणवनस्पतींचे टँक सांभाळत आहे आणि आता प्रथमच खाऱ्या पाण्याकडे वळण्याचा विचार करत आहे. आमचे घर सहकारनगरमध्ये एका चार मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. बैठकीच्या खोलीला दक्षिणेकडे चार फूट उंचीची मोठी खिडकी आहे आणि तिच्यावर लागूनच दोन फुटांचा छज्जा आहे. पूर्वेकडे तिच्यापेक्षा थोडी लहान खिडकी आहे, तिला छज्जा नाही. पश्चिमेला बाल्कनी आहे आणि डोक्यावर थेट गच्ची.

टँक ९० × ४५ × ५० सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण दोनशे लिटरांचा करावा असे मनात आहे. त्यावर दिवा लावायचा नाही, अशी माझी इच्छा आहे. त्याचे एक कारण वीजबिल. दुसरे कारण असे, की निळ्या-जांभळ्या एलईडीखालचे प्रवाळांचे टँक मला लग्नाच्या मांडवातील रोषणाईसारखे वाटतात, आणि मालवणला उथळ पाण्यात तोंड बुडवून पाहिले तेव्हा तळाच्या खडकावर उन्हाची जी हलती जाळी दिसली होती, ती कोणत्याही दिव्याखाली मला अजून तशी दिसलेली नाही.

शंका अशा आहेत. तिन्ही दिशांपैकी कोणती निवडावी? पावसाळ्याचे चार महिने प्रकाश पुरेल का? एप्रिल-मेमध्ये पाणी तापून सगळे संपणार नाही ना? आणि उन्हामुळे टँक शेवाळाने भरून जातो, हे कितपत खरे आहे? शिवाय पत्नीचे माहेर देवगडचे असल्यामुळे समुद्राचे पाणी आणि किनाऱ्यावर पडलेले प्रवाळाचे दगड गाडीत घालून आणता येतील, असेही मनात आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

खारेपाणी, कोथरूड

नमस्कार. कल्पना वेडगळ मुळीच नाही, उलट या छंदाची सुरुवातच उन्हात झाली आहे. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या टँकमध्ये समुद्रातील जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन यांखेरीज फारसे काही नव्हते. होनोलुलूच्या वायकीकी मत्स्यालयात अनेक वर्षे उघड्यावरील टाक्यांत, उन्हावर प्रवाळ वाढवले गेले आहेत. ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या मत्स्यालयातील पंचवीस लाख लिटरांचे प्रवाळदालन तर आकाशाला उघडेच ठेवलेले होते. टाउन्सव्हिल विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे १९ अंशांवर आहे आणि पुणे उत्तरेला साडेअठरा अंशांवर, त्यामुळे उन्हाच्या बाबतीत आपण त्यांच्याहून कोणत्याही अर्थाने गरीब नाही. फरक एवढाच, की पंचवीस लाख लिटर पाणी दुपारभरात तापत नाही आणि दोनशे लिटर तापते.

आता दिशांविषयी. बहुतेक लोक होकायंत्र पाहून "दक्षिण म्हणजे भरपूर ऊन" असे ठरवून मोकळे होतात, परंतु पुण्यात हे अर्धेच खरे आहे. डिसेंबरच्या २१ तारखेस मध्यान्ही सूर्य आपल्याकडे दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनी तो साडेएकाहत्तर अंशांपर्यंत चढलेला असतो. मेच्या १३-१४ तारखेच्या सुमारास तो बरोबर डोक्यावर येतो, ज्याला वर्तमानपत्रे शून्य सावली दिवस म्हणतात, आणि तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दिवसभर उत्तरेच्या बाजूनेच फिरतो. या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही. त्यात आपला दोन फुटांचा छज्जा धरा: विषुवदिनी मध्यान्ही त्याची सावली सहा फूट खाली उतरते, म्हणजे चार फुटांची खिडकी संपूर्ण सावलीत जाते, आणि डिसेंबरमध्ये तीच सावली सव्वादोन फुटांवर थांबते. थोडक्यात, आपली दक्षिणेची खिडकी ही ऑक्टोबर ते फेब्रुवारीची खिडकी आहे, आणि तेव्हाही खालच्या अर्ध्या भागापुरती.

पश्चिमेची बाल्कनी मनातून काढून टाका. खोली दिवसभर तापून झालेली असते आणि त्यावर दुपारी तीन ते सहाचे तिरपे ऊन थेट काचेवर येते. माझा पहिला टँक मी हौसेने पश्चिमेलाच ठेवला होता. मे महिन्यात एका दुपारी वीज गेली, पाणी गार करणारे यंत्र म्हणजे चिलर बंद पडला, मी कार्यालयात होतो, आणि संध्याकाळी परतलो तेव्हा पाणी ३२ अंशांवर होते. आठवडाभरात झेनिया नावाचे मऊ प्रवाळ सगळे विरघळून गेले आणि लेदर नावाचे दुसरे मऊ प्रवाळ महिनाभर मिटून बसले. बाल्कनीचा दुसरा दोष म्हणजे वजन. पाणी, काच, खडक आणि स्टँड मिळून तीनशे किलोंचा भार होतो. बाहेर झुकलेल्या स्लॅबवर तो ठेवण्यापूर्वी संरचना अभियंत्याला विचारणे आवश्यक आहे. खोलीतही टँक भिंतीलगत, शक्यतो खाली तुळई असेल तेथे ठेवावा.

राहिली पूर्व. सूर्य उगवण्याची जागा वर्षभरात खऱ्या पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे पंचवीस अंश सरकते, पण पूर्वेच्या खिडकीला कोणत्याही महिन्यात ती सोडून जात नाही. समोर उंच इमारत नसेल तर सकाळचे तीन ते साडेतीन तास ऊन मिळते, आणि त्या वेळी खोली गार असते. माझे मत निःसंशय पूर्वेच्या बाजूने आहे.

तीन तासांचे ऊन पुरेल का, हा पुढचा प्रश्न आपण विचारणारच. प्रवाळाच्या शरीरातील सहजीवी शैवाल दिवसभरात मिळालेल्या प्रकाशाच्या बेरजेवर जगते. उघड्या मैदानावर मध्यान्ही पीएआर, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश, दर चौरस मीटरला दर सेकंदाला सुमारे २,००० मायक्रोमोल असतो, आणि मशरूम, झोआ, लेदर यांसारख्या मऊ प्रवाळांना ५० ते १५० एवढा पुरतो. शंभर मायक्रोमोल दहा तास दिला तर दिवसाची बेरीज ३.६ मोल होते, आणि तीनशे मायक्रोमोल तीन तास वीस मिनिटे मिळाला तरी तेवढीच होते. कागदावर दोन्ही सारखे दिसतात. पण प्रवाळ एका मर्यादेपलीकडचा प्रकाश वापरू शकत नाही, त्यामुळे थोड्या वेळात ओतलेले जास्तीचे ऊन पूर्णपणे हिशेबात धरता येत नाही. म्हणून मऊ प्रवाळांना सकाळचे ऊन आणि उरलेल्या दिवसाचा खिडकीतला उजेड चालून जातो, तर फांद्यांच्या कठीण प्रवाळांना तो बहुधा अपुरा पडतो.

उन्हाच्या टँकचा एक फायदा मात्र फारसे कोणी सांगत नाही. निळ्या एलईडीखाली साधे लक्समीटर चुकीचे आकडे देतात आणि पीएआर मोजण्याचे महागडे उपकरण लागते. उन्हात तसे नसते, लक्सच्या आकड्याला ५४ ने भागले की पीएआर मिळतो. आपल्या मोबाइलमधील लक्सचे ॲपही अंदाजापुरते चालते. आधी एक आठवडा, तासातासाला, टँक जेथे ठेवणार तेथे मोजून पाहा आणि मग ठरवा.

उष्मांक

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु त्यात उन्हाच्या उष्णतेचा हिशेब राहिला आहे, आणि माझ्या मते हा सगळा विषय त्या हिशेबावरच उभा आहे.

एक गैरसमज प्रथम दूर करतो. ऊन "गरम प्रकाश" असते आणि दिवा "थंड", असे म्हणतात. प्रत्यक्षात उन्हाच्या एका वॅटमागे साधारण शंभर लुमेन उजेड मिळतो, म्हणजे चांगल्या दिव्याच्या तोडीचाच. अडचण अशी, की दिव्याची उष्णता वरच्या धातूच्या पंख्यातून हवेत जाते आणि उन्हाची सगळीच्या सगळी पाण्यात उतरते, शिवाय ऊन गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. आपल्या टँकचा पृष्ठभाग ०.४ चौरस मीटर आहे. त्यावर भर उन्हाचे सुमारे ४०० वॅट पडतात. काच आणि परावर्तन वजा करून ३०० धरले आणि चार तास ते पडत राहिले, तर ४,३०० किलोज्यूल होतात. दोनशे लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ८४० किलोज्यूल लागतात. म्हणजे बाहेर काहीच गेले नाही तर पाणी एका सकाळीत पाच अंशांनी चढेल. प्रवाळांना २४ ते २७ अंश मानवतात, आणि ३० अंशांच्या पुढे पाणी काही दिवस राहिले तर ते आपले सहजीवी शैवाल बाहेर टाकून पांढरे पडू लागतात. एप्रिलमध्ये आपण २७ वरून सुरुवात करणार असू, तर पुढचे सांगायला नको.

आता वीजबिलाविषयी, कारण प्रश्नकर्त्यांनी ते पहिल्या क्रमांकावर ठेवले आहे. या आकाराच्या टँकला १२० वॅटचा एलईडी नऊ तास लावला तर रोज एक युनिटपेक्षा थोडी अधिक, म्हणजे महिन्याला बत्तीस-तेहतीस युनिट वीज लागते. दहा रुपये युनिट धरले तर सव्वातीनशे रुपये. उलट उन्हाने तापलेले पाणी गार करण्यासाठी २५० वॅटचा चिलर मे महिन्यात रोज आठ तास चालला तर दोन युनिट जातात. दिव्याचे वाचवलेले पैसे चिलर दुप्पट करून घेऊन जातो. त्यामुळे बिल वाचवण्यासाठी उन्हाचा टँक करणार असाल तर करू नका. उन्हाची ती हलती जाळी पाहण्यासाठी करणार असाल तर माझी काहीच हरकत नाही, तिची किंमत युनिटमध्ये करता येत नाही.

यात पुण्याच्या हवेची एक कृपा मात्र आहे. पाण्याच्या पृष्ठभागावरून एक लिटर पाणी वाफ होऊन उडाले की ते सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते, म्हणजे आपल्या टँकचे तापमान जवळजवळ तीन अंशांनी उतरवते. एप्रिलच्या दुपारी येथील हवेतील आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते, आणि अशा कोरड्या हवेत पाण्यावर तिरपे लावलेले दोन छोटे पंखे चकित करणारे काम करतात. जुलैमध्ये हवा दमट असल्याने हेच पंखे निरुपयोगी ठरतात, पण तेव्हा त्यांची गरजही नसते. मुंबईतील आपल्या मित्रांना हे सुख नाही. फक्त उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडे, शुद्ध पाणीच भरावे, खारे नव्हे, कारण मीठ उडत नाही, ते टँकमध्येच राहते आणि खारेपणा दिवसेंदिवस चढत जातो. मे महिन्यात रोज दोन-तीन लिटर भरण्याची तयारी ठेवा, आणि आठवडाभर गावाला जाणार असाल तर पाणी आपोआप भरणारे यंत्र घ्या.

हिवाळ्यात उलट प्रकार होतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री खिडकीजवळचे पाणी २० अंशांच्या खाली जाऊ शकते आणि सकाळी ऊन आले की झपाट्याने चढते. हे हेलकावे उष्णतेइतकेच वाईट असतात. दोनशे वॅटचा हीटर असलाच पाहिजे.

निळा_एलईडी

सर्वांचे म्हणणे वाचले. माझे मत थोडे कडू वाटेल. ढगाला रिमोट नसतो. जून ते सप्टेंबर पुण्यात सलग आठ-आठ दिवस आभाळ भरलेले असते, त्या वेळी आपण प्रवाळांना काय सांगणार? शिवाय नवशिक्याने एका वेळी एकच गोष्ट शिकावी. पहिल्या वर्षी खारेपणा, क्षारता, कॅल्शियम, नायट्रेट, फॉस्फेट यांचाच ताळमेळ जमत नाही, त्यात प्रकाशही रोज बदलता ठेवला तर काही बिघडल्यावर ते नेमके कशामुळे बिघडले हे कधीच कळणार नाही. आधी दिव्यावर एक वर्ष काढा, नंतर खिडकी उघडा.

रंगांविषयीही सांगतो. मांडवाच्या रोषणाईला आपण नावे ठेवता, पण प्रवाळांची जी चमक पाहून लोक थबकतात ती निळ्या प्रकाशातच दिसते. उन्हात तोच तुकडा तपकिरी वाटतो आणि घरचे विचारतात, "यासाठी इतके पैसे घातलेत का?"

समुद्रशास्त्राची विद्यार्थिनी

प्रश्नकर्त्या काकांच्या शेवटच्या वाक्याकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही, म्हणून लिहीत आहे. देवगडहून प्रवाळाचे दगड कृपया आणू नका. खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, ऑर्गन-पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे ही २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती वाघाच्या पंक्तीला बसलेली आहेत. किनाऱ्यावर वाहून आलेला मृत सांगाडासुद्धा "पडलेलाच होता" या सबबीवर घरात ठेवता येत नाही. समुद्री घोडे आणि मोठ्या शिंपल्यांच्या ट्रायडॅक्ना वंशातील जातीही याच संरक्षणाखाली आहेत. मालवणचा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे आपण तेथे पोहला आहात म्हणजे आपल्याला ठाऊक असेलच.

परदेशातून आलेल्या कठीण प्रवाळांचाही प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात त्यांची नोंद आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अशा विदेशी जिवांची मालकी शासनाकडे नोंदवणे बंधनकारक झाले. दुकानदार "सगळे चालते" असे म्हणाला तरी त्याच्याकडे आयातीचे कागद मागा, ते नसतील तर घेऊ नका, आणि शंका राहिली तर वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. माझा सल्ला असा, की कठीण प्रवाळांचा नादच करू नये. मशरूम, झोआ आणि लेदर यांतच एवढी विविधता आहे, की दोनशे लिटर कधी भरले ते कळणारही नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे सकाळच्या उन्हात तीच नीट वाढतील. झोआ हाताळताना मात्र हातमोजे आणि चष्मा घालावा. काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत तीव्र विष असते, त्यामुळे त्यांचा दगड गरम पाण्यात उकळण्याचा किंवा ब्रशने घासण्याचा प्रयोग घरात कधीही करू नये.

खडक म्हणून चिनी मातीचे किंवा सिमेंटचे कृत्रिम सच्छिद्र दगड मिळतात, ते वापरावेत. त्यांवर उपयोगी जिवाणू बसायला दीड-दोन महिने लागतात, एवढाच काय तो तोटा.

समुद्राच्या पाण्याविषयी: कोकणातील किनाऱ्याजवळचे पाणी गाळाचे असते आणि पावसाळ्यात खाड्यांतून आलेल्या गोड्या पाण्याने त्याचा खारेपणा उतरतो. दर पंधरा दिवसांनी घाट चढून कॅन आणण्यापेक्षा आरओचे पाणी आणि तयार मीठ घेणे बरे. खारेपणा दर हजारी ३५, म्हणजे घनता १.०२५ ते १.०२६ ठेवावी. घरच्या पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते, ती बंद करून घ्यावी आणि पुढे उरलेसुरले क्षार काढणारा डीआय रेझिनचा एक फिल्टर जोडावा.

सहकारनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. देवगडच्या दगडांचा विचार याच क्षणी सोडला. खरे सांगायचे तर सासऱ्यांच्या ओसरीवर वर्षानुवर्षे एक पांढरा दगड शोभेला ठेवलेला आहे, त्याचे काय करावे हाही आता प्रश्नच आहे.

उष्मांक साहेबांच्या हिशेबानंतर वीजबिलाचा मुद्दा मी मागे घेतो. परंतु निळा_एलईडी यांचा "आधी एक वर्ष दिव्यावर" हा सल्ला पटूनही मनाला रुचत नाही. पूर्वेची खिडकी नक्की केली आहे. आता आणखी एक विचारतो: आमच्या डोक्यावर गच्चीच असल्याने स्लॅबला भोक पाडून आतून आरशासारख्या चकचकीत असलेल्या नळीने ऊन थेट टँकवर उतरवता येईल का? वास्तुविशारद असलेल्या एका स्नेह्यांनी जिन्यासाठी तशी नळी बसवली आहे.

खारेपाणी, कोथरूड

येईल, आणि मी ते केले आहे, म्हणून आधी हिशेब आणि मग कर्मकथा सांगतो.

पस्तीस सेंटिमीटर व्यासाच्या नळीचे तोंड ०.०९६ चौरस मीटरचे असते. मध्यान्ही एक लाख लक्स ऊन धरले तर तिच्या तोंडाशी साडेनऊ हजार लुमेन येतात, आणि वरचा घुमट, आतील परावर्तन, एखादे वळण यांत घट होऊन खाली साधारण सात हजार उतरतात. हे सगळेच्या सगळे टँकवर पडले तर पृष्ठभागावर सतरा हजार लक्स, म्हणजे तीनशेच्या वर पीएआर मिळतो. पण नळी छताशी संपते आणि टँक पाच-सहा फूट खाली असतो, त्यामुळे प्रकाश फाकतो आणि निम्मा तरी जमिनीवर सांडतो. हाती दीडशे उरतो. मऊ प्रवाळांना तो उत्तम आहे, आणि उष्णतेच्या दृष्टीने पाहिले तर नळीतून एकूण सत्तरच वॅट उतरतात, म्हणजे उष्मांक यांनी काढलेल्या तीनशे वॅटांची भीती येथे राहत नाही. प्रकाश वरून येत असल्याने प्रवाळ खिडकीकडे वाकतही नाहीत. खिडकीजवळच्या टँकमध्ये लेदर वर्षभरात सूर्यफुलासारखे एका बाजूला मान टाकून उभे राहते आणि त्याच बाजूच्या काचेवर शेवाळ धरते.

आता कर्मकथा. गवंड्याने स्लॅबमधील सळ्या कोठे आहेत ते न पाहता भोक पाडले, कडेला जलरोधक थर नीट दिला नाही, आणि पहिल्याच जूनमध्ये नळीच्या कडेने पाणी झिरपून थेंब थेंब टँकमध्ये पडू लागले. गच्चीवरचे ते पाणी सिमेंट, कबुतरांची विष्ठा आणि धूळ घेऊन येत होते. खारेपणा पंधरवड्यात ३५ वरून ३१ वर आला आणि फॉस्फेट इतके चढले की काचा हिरव्या झाल्या. दोष मी उन्हाला देत बसलो होतो. यावरून आपल्या शेवाळाच्या प्रश्नाचे उत्तरही मिळेल: ऊन शेवाळाला वाढवते हे खरे, पण ते खाते नायट्रेट आणि फॉस्फेट. ते आटोक्यात असतील, म्हणजे लिटरमागे फॉस्फेट ०.१ मिलिग्रॅमच्या खाली आणि नायट्रेट पाच-दहा मिलिग्रॅमच्या घरात असेल, आणि काचेवर चरणाऱ्या गोगलगायी असतील, तर उन्हातला टँकही स्वच्छ राहतो. मासे मात्र मोजकेच ठेवा. क्लाउनफिशची एक जोडी आणि आणखी एखादा, बस्स. सोसायटीची लेखी परवानगी आणि संरचना अभियंत्याची पाहणी यांशिवाय स्लॅबला हात लावू नका. मी तर म्हणेन पहिले वर्ष केवळ खिडकीवर काढा आणि नळीचा विचार दुसऱ्या वर्षी करा.

निळा_एलईडी यांच्याशी माझे भांडण निम्मेच आहे. पावसाळ्यासाठी छतावरून टांगलेला एक साधा दिवा हवाच. पण तो वर्षभर लावण्याची गरज नाही. माझ्याकडे तो लक्सच्या सेन्सरवर चालतो: सकाळी दहानंतर टँकवरचा उजेड पाच हजार लक्सच्या खाली अर्धा तास राहिला की दिवा लागतो आणि ऊन आले की विझतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो जवळजवळ रोज लागतो, नोव्हेंबर ते मे क्वचितच. लक्षद्वीपची प्रवाळेही दर वर्षी पावसाळ्याच्या ढगांखाली जगतात, त्यामुळे आठ दिवस मंद गेले म्हणून कोणी मरत नाही. खरा धोका ढग हटल्यावर असतो. महिनाभर अंधुक प्रकाशाला सरावलेल्या प्रवाळावर सप्टेंबरच्या अखेरीस एका सकाळी अचानक लख्ख ऊन पडते आणि ते भाजून निघते. नवा तुकडा दुकानातून आणल्यावरही हाच धोका असतो.

त्यावर उपाय स्वस्त आहे. सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकांत शेडनेट मीटरवर कापून मिळते, पन्नास आणि पंचाहत्तर टक्के सावलीचे. पंचाहत्तरचे खिडकीला आतून पडद्यासारखे लावा, दोन आठवड्यांनी पन्नासचे लावा, आणि मग तेही काढा. एप्रिल-मेमध्ये तर मी पन्नासचे कायमच ठेवतो, त्याने प्रकाश पुरेसा राहतो आणि उष्णता निम्मी होते.

निळा_एलईडी

सेन्सरची युक्ती मान्य. मी त्यात एवढेच जोडेन, की वीज गेल्यावर उन्हाच्या टँकमध्ये दिवसा प्राणवायूची फारशी अडचण येत नाही, पण रात्री प्रवाळे, मासे आणि शेवाळ सगळेच प्राणवायू ओढतात. तेव्हा घरातील इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलते ठेवणारा छोटा पंप, नक्की जोडा.

सहकारनगरकर

ठरले. पूर्वेची खिडकी, मऊ प्रवाळे, शेडनेट, दोन पंखे, सेन्सरवरचा एक दिवा. चिलर सध्या घेत नाही, तापमानाचा अंदाज आल्यावर पाहू. टँक घेण्यापूर्वी एक प्रयोग करावा म्हणतो. दोनशे लिटरांचा निळा प्लास्टिकचा ड्रम साध्या पाण्याने भरून खिडकीजवळ ठेवतो आणि मार्चपासून मेअखेरपर्यंत सकाळी सात, दुपारी बारा आणि रात्री नऊ वाजता तापमान वहीत टिपतो. खारेपणाचा भाग सोडला तर चित्र स्पष्ट व्हायला हरकत नसावी.

उष्मांक

प्रयोग चांगला आहे, फक्त ड्रम घेऊ नका. त्याचे तोंड अरुंद असते आणि बाजू अपारदर्शक असतात, त्यामुळे त्यात ना टँकइतके ऊन शिरेल ना टँकइतके पाणी उडेल, आणि आकडे दोन्ही बाजूंनी फसवे येतील. जुना काचेचा टँक कोणाकडून उसना मिळाला तर पाहा, तळाशी काळी फरशी ठेवा, वर झाकण घालू नका, आणि रोज किती लिटर पाणी भरावे लागले तेही त्याच वहीत लिहा. आणखी एक नोंद दुपारी चारची घ्या, कारण ऊन गेल्यानंतरही खोलीची उष्णता पाण्यात शिरत राहते आणि दिवसाचे सर्वांत जास्त तापमान बाराला नव्हे, त्या वेळी दिसते.